पुलावरची गादी

फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाकूड येतं ना, मित्रांनो? ते आधी पुसून टाका. मी फळी आहे, जुनी आहे, नदीवरच्या पुलात बसून एकोणीस वर्षं मी माणसं आणि गाड्या पाठीवरून नेल्या आहेत. पण माझ्या अंगात लाकडाची काडी नाही. सिमेंट नाही, लोखंड नाही. माझी कातडी काचेच्या कापडाची आहे आणि पोटात फोम भरलेला आहे. हो, फोमच. तुमच्या घरातल्या गादीत असतो त्याचा जरा कडक भाऊ. त्यामुळे कारखान्यात सगळे मला ‘गादी’ म्हणायचे.

“पुलावर गादी घालताय?” मला न्यायला आलेला ट्रकवाला हसत म्हणाला होता. “मग दोन उशाही द्या बरोबर. गाड्या जरा आडव्या होतील.”

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसभर रेझिनचा उग्र वास असायचा आणि एका कोपऱ्यात फळ्यांच्या कडा घासायचा ग्राइंडर किंचाळत असायचा. रेझिन म्हणजे मधासारखा दाट, चिकट द्रव. त्यात थोडं औषध मिसळलं की काही तासांत त्याचा दगड होतो. ते औषध किती घालायचं हे ठरवणारा एकच माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. हवा गार असली तर थोडं जास्त, ऊन तापलं तर थोडं कमी. त्याच्या हाताला ते कळायचं. त्याची बायको समोरच्या टेबलावर काचेचं कापड कापायची. ते कापड दिसायला रेशमासारखं, पण एकदा हाताला लागलं की दोन दिवस खाजवत बसा. तिने आधी बरीच वर्षं शिवणकाम केलेलं होतं. तिच्या हातातली कात्री रेघ न आखताही सरळ पळायची.

तिने फोमचे लांबट ठोकळे एकेक करून काचेच्या कापडात गुंडाळले. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे, कोपरे आत दुमडून. मग ते ठोकळे शेजारी शेजारी मांडले. दोन ठोकळ्यांच्या मधलं कापड उभं राहिलं, त्याच्याच माझ्या पोटात भिंती झाल्या. खाली कापडाचे थर, वर कापडाचे थर. मग या सगळ्यावर प्लॅस्टिक अंथरलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि पंपाने आतली हवा ओढून घेतली. प्लॅस्टिक माझ्या अंगाला घट्ट बसलं. नळ्यांतून रेझिन आलं, आणि कापडावरून ओल हळूहळू पुढे सरकू लागली. मास्तर त्या ओलीच्या कडेकडेने चालत होता. कुठे वीतभर जागा जरी कोरडी राहिली, तरी मी जन्मतःच भंगारात जाणार होते. ओल दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा तो पहिल्यांदा खाली बसला आणि पाणी प्याला.

दुसऱ्या दिवशी मला साच्यातून काढलं आणि त्याची बायको एक छोटी हातोडी घेऊन आली. वीत वीत अंतरावर तिने मला ठोकलं. टक्क. टक्क. टक्क. प्रत्येक ठोक्याला ती मान तिरकी करून ऐकायची. कातडी आणि फोम एकमेकांना नीट चिकटलेले असतील तर आमचा आवाज खणखणीत येतो. मध्ये कुठे सुटलेलं असेल तर ‘डब्ब’ असा बोदा येतो. कारखान्यातल्या इतरांनाही मोठा दोष ऐकू यायचा. तिला मात्र नाण्याएवढासुद्धा कळायचा. म्हणून सगळे तिला वैद्यीणबाई म्हणत.

“काय वैद्यीणबाई, नाडी कशी आहे?” मालकांनी विचारलं.

“निरोगी आहे. न्या खुशाल,” ती म्हणाली.

आम्ही दोघी बहिणी त्या आठवड्यात तयार झालो. आम्हाला दोघींना एका प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या सरांनी मला दोन टेकूंवर ठेवलं आणि गाडीच्या चाकाचा ठसा असतो तेवढ्या रबरी चकतीने मधोमध दाबलं. पुलावर पडेल त्याहून जास्त वजन दिलं. मी किंचित वाकले; किती, ते काट्याने टिपून घेतलं. वजन काढल्यावर मी पुन्हा होते तशी सरळ झाले. सर खूश झाले. मला पुलाकडे पाठवायचं ठरलं, पण पुलाचं काम होईपर्यंत तिथेच भिंतीशी उभं करून ठेवलं.

माझ्या बहिणीच्या वाट्याला वेगळं काम आलं. तिला त्यांनी वीस लाख वेळा दाबलं. आठवडेच्या आठवडे यंत्र खाली-वर, खाली-वर. तिने ते सगळं सोसलं. शेवटी तिच्यावर वजन वाढवत नेलं, मोडेपर्यंत. त्या दिवशी वैद्यीणबाई आणि मास्तर मुद्दाम बघायला आले होते. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून बारीक कडकड ऐकू आली, तांदूळ तडतडावेत तशी, आणि दुसऱ्याच क्षणी मोठा स्फोट झाल्यासारखा आवाज होऊन तिची वरची कातडी फोमपासून उचकटली. मी भिंतीशी उभी होते. मी पाहिलं.

सर वैद्यीणबाईकडे वळून म्हणाले, “फोम एकटा असता तर अंगठ्याने दबला असता. कापड एकटं असतं तर घडी पडली असती. फोम भिंतींना कलू देत नाही, भिंती फोमला चेपू देत नाहीत. चिकटलेलं आहे तोवर हिला तोड नाही. पण एक लक्षात ठेवा बाई. काँक्रीट आधी चिरा दाखवतं. लोखंड वाकून दाखवतं. ही शेवटपर्यंत ताठ राहते आणि मग एकदम जाते. हिला दर वर्षी कोणीतरी विचारायला हवं, बरी आहेस ना म्हणून.”

ते विचारायचं काम वैद्यीणबाईकडे आलं. कारखान्याने माझ्यासारख्या फळ्या अकरा पुलांवर बसवल्या होत्या. दर वर्षी नदीचं पाणी ओसरलं की ती आणि मास्तर टेम्पोने निघत आणि एकेक पूल ठोकून येत. शेवटी कागदावर तिची सही व्हायची. ‘सर्व जागा ऐकल्या, दोष नाही.’ त्या सहीवर पूल वर्षभर चालायचा.

माझा पूल लोखंडी होता आणि म्हातारा होता. त्याच्या पाठीवरचं जुनं काँक्रीट कुजलं होतं, आणि नवं घालायचं तर ते वजन त्याच्या पायांना पेलणार नव्हतं. माझं वजन त्या काँक्रीटच्या पाचव्या हिश्श्याएवढं. क्रेनने मला उचललं तेव्हा क्रेनवाल्याने खाली वाकून पाहिलं, काही अडकलंय की नुसतीच साखळी वर आली. माझ्या पाठीवर खरखरीत वाळूचा लेप दिला, म्हणजे चाकं घसरू नयेत. आणि मी कामाला लागले.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. लांबून लांबून इंजिनिअर आले, फोटो निघाले, एकाने तर माझ्यावर उडी मारून पाहिली. दुसऱ्या वर्षी दोघे आले. तिसऱ्या वर्षापासून कोणी आलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुलाची आठवण येऊ नये, यातच पुलाचं भलं असतं. मी गाड्या त्यांच्या वजनावरून ओळखू लागले. दुधाचा टँकर जाताना जड आणि येताना उड्या मारत. शाळेची बस सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आणि दुपारी चार वाजता. परीक्षेच्या दिवसांत ती गप्प असायची, आणि शेवटच्या पेपरच्या दिवशी माझ्यावरून जाताना इतका गोंधळ असायचा की मी सुद्धा जरा जास्तच हलायचे. चाळीस मुलं, एक चालक, आणि त्या सगळ्यांच्या खाली मी. त्यांना हे माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं.

पंधरा वर्षं वैद्यीणबाई आली, ठोकून गेली, आणि मी दर वर्षी खणखणीत उत्तर दिलं.

पंधराव्या वर्षी तिची फेरी होऊन महिना झाला असेल, एका ट्रकने वळताना कठड्याला धक्का दिला. एक खांब मोडला. दुरुस्तीला एक वेल्डर आला. साठीचा, कामाला चोख, बोलायला मऊ माणूस. बाकीचे खांब बाजूच्या लोखंडी तुळईला धरलेले होते, पण तिथला तुळईचा भाग वाकला होता, म्हणून नवा खांब माझ्याच कडेवर बसवायचं ठरलं. वेल्डरने आयुष्यभर काँक्रीटचे पूल दुरुस्त केले होते. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, बोल्ट घालायचा, सिमेंट भरायचं. त्याने माझ्याशीही तेच केलं. ड्रिल माझ्या कडेला टेकवलं. आधी पांढरी भुकटी उडाली, मग पिवळा चुरा.

“अरेच्चा,” तो स्वतःशीच म्हणाला, “ही आतून एवढी मऊ?”

त्याला माझी दया आली असावी. बोल्टला तंग पडू नयेत म्हणून त्याने भोकं जरा मोठीच ठेवली होती. मग चारही भोकांत सिमेंट ठासून भरलं, थापीने गुळगुळीत केलं, वर लोखंडी पट्टी बसवली आणि आपल्या खांद्यावरच्या फडक्याने माझी पाठ पुसून दिली. इतक्या मायेने मला कोणी कधी बिघडवलं नव्हतं. सिमेंट माझ्या अंगाला चिकटत नाही, मित्रांनो. त्या बुचांच्या भोवती केसाएवढी फट राहिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यातून पाणी आत आलं.

आता पुढच्या वर्षी वैद्यीणबाई येईल, ठोकेल, आणि तिला कळेल, अशा भरवशावर मी होते.

ती आली. मधल्या वेळेत दोघं डबा खायला माझ्याच पाठीवर, कठड्याच्या सावलीत बसले. तिने घास हातात तसाच धरला होता.

“अहो, मला फरक कळत नाहीये.”

“कसला?”

“टक्क आणि डब्ब यातला. सकाळपासून सगळं सारखंच लागतंय. गेल्याही वर्षी जरा धूसर होतं, पण इतकं नाही.”

“मळ असेल. कान साफ करून घे.”

“घेतले. डॉक्टर म्हणाले, वरचे स्वर गेले. इतकी वर्षं ग्राइंडरशेजारी काढली त्याचं हे. परत येत नाहीत म्हणे.” तिने घास डब्यात परत ठेवला. “मालकांना सांगून टाकू या का?”

मास्तरने आपल्या डब्याला झाकण लावलं. “सांगून काय होणार? हातोडी काढून घेतील हातातली. दुसरं कोण आहे ठोकणारं? आणि वैद्यीणबाई म्हणून अकरा पुलांवर तुझी वाट बघतात, ते सगळं...” तो थांबला. “मी आहे ना. तू ठोक, मी शेजारी खडू घेऊन उभा राहतो. आवाज चांगला आला तर बरोबरची खूण करीन. वाईट आला तर गोल काढीन. तू माझ्या हाताकडे बघ.”

“तुम्हाला कळतो का फरक?”

“अगं, पंधरा-सोळा वर्षं तुझ्या मागे फिरतोय. एवढाही बहिरा नाही मी.” हे बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण ती हसली. फार दिवसांनी कोणीतरी त्या शब्दाची धार काढून घेतल्यासारखी हसली, आणि उठून हातोडी घेतली.

ती त्या दिवशी ‘नको’ म्हणाली असती तर माझी गोष्ट तिथेच संपली असती. ती म्हणाली नाही. मी तिला दोष देत नाही. ज्या गोष्टीमुळे आपल्याला चार माणसांत नाव मिळालं, ती हातातून सुटताना कोणाचीही मूठ आवळतेच. पण माझा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला.

मास्तरला मोठे दोष ऐकू यायचे, हे खरं होतं. माझा दोष तेव्हा तळहाताएवढा होता आणि नेमका त्या लोखंडी पट्टीला लागून. तिथे हातोडी पडली, मी ‘डब्ब’ म्हणाले. तो क्षणभर घुटमळला. मग त्याला वाटलं, लोखंड शेजारी आहे, तिथे आवाज असाच येणार. त्याने बरोबरची खूण केली. तिने खूण पाहिली आणि पुढे सरकली.

दुसऱ्या वर्षी दोष ताटाएवढा झाला. तिसऱ्या वर्षी त्याहून मोठा. दर वर्षी मी ओरडून सांगत होते, आणि दर वर्षी मास्तरच्या मनात हेच येत होतं की गेल्याही वर्षी इथे असाच आवाज होता. ज्या आवाजाने त्याला सावध करायचं, त्याचीच त्याला सवय झाली. पोटातला फोम भिजून काळपट पडला. भिंतीला कवटाळून उभं राहायचं त्याचं काम, ते त्याने सोडून दिलं. वरून मी पहिल्यासारखीच दिसत होते, ताठ. बस सात वाजून वीस मिनिटांनी यायची. तिचं डावं पुढचं चाक बरोबर त्या पट्टीजवळून जायचं. तेवढ्या क्षणापुरती मी माझ्या बहिणीसारखी बारीक कडकड ऐकू येते का, याची वाट पाहायचे.

या वर्षी मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद करायचं ठरलं. महिनाभर सगळी अवजड वाहतूक माझ्यावरून वळवणार होते. भरलेले डंपर, मालाचे लांब ट्रेलर. म्हणून या वेळी सरकारी खात्याच्या इंजिनिअर मॅडम स्वतः आल्या. तरुण, नीटनेटक्या, हातात फाइल.

“वैद्यीणबाई, तुमच्याबद्दल फार ऐकलंय,” त्या तिच्या समोर येऊन म्हणाल्या. समोरून बोललेलं तिला ओठांवरून कळायचं. “तुमची सही झाली की उद्या सकाळपासून वाहतूक सोडते.”

ठोकणं सुरू झालं. ती ठोकायची, मास्तर खूण करायचा. तिचे गुडघे आता दुखत होते. पट्टीपाशी आली तेव्हा तिने तोल सावरायला डावा हात माझ्या पाठीवर सपाट टेकवला आणि उजव्या हाताने हातोडी मारली.

हातोडी पडली आणि तिचा डावा हात तसाच राहिला. तिने पुन्हा मारली. हात वीतभर बाजूला घेतला, तिथे मारली. परत जुन्या जागी. मित्रांनो, मी तिच्या कानांशी बोलून थकले होते. तळहाताशी बोलायचं मला सुचलं नव्हतं, आणि तिलाही. चांगल्या जागी माझं अंग ठोका मिळताच शहारून लगेच शांत होतं. सुटलेल्या जागी कातडी एकटीच थरथरत राहते. ती थरथर तिच्या हाताला लागली.

मास्तरने बरोबरची खूण केली होती.

“अहो, इथे चूक आहे.”

“काही नाही. पट्टी आहे शेजारी. तिथे असंच येतं.”

“असंच म्हणजे?”

“म्हणजे... गेल्या वर्षीही जरा बोदंच होतं तिथे. त्याच्या आधीही.”

ती त्याच्याकडे वळली. “त्याच्या आधीही होतं? आणि तुम्ही खूण कसली केलीत?”

मास्तरच्या हातातला खडू तुटला. तेवढ्यात मॅडम जवळ आल्या. “काही अडचण?”

“छे छे मॅडम,” मास्तर घाईने म्हणाला, “हिचा गुडघा धरला जरा. झालंच आता. चार जागा राहिल्यात.”

तो तिला पाठीशी घालत होता. नेहमीसारखाच. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं; सही झाली असती, सकाळी डंपर आले असते. ‘इथे दोष आहे’ एवढंच म्हटलं असतं तरीही तिचं गुपित शाबूत राहिलं असतं. मला वाटलं, ती तेवढंच म्हणेल.

ती कठड्याला धरून उठली.

“मॅडम, ही जागा सुटलेली आहे. पूल बंद करा. आणि दुसरं म्हणजे, मला हे आवाज ऐकू येत नाहीत. तीन वर्षं झाली. सह्या माझ्या आहेत, ऐकलंय यांनी. नुसता हा पूल नाही. अकराच्या अकरा.”

मॅडमनी हातातली फाइल मिटली. “तीन वर्षं?” त्या म्हणाल्या. “या पुलावरून शाळेची बस जाते.”

“माहीत आहे,” वैद्यीणबाई म्हणाली. तिचा आवाज जरा मोठा झाला, ऐकू न येणाऱ्यांचा होतो तसा. “म्हणून तर सांगतेय.”

मॅडम तिला काही लागेल असं बोलल्या नाहीत. त्यांनी फोन काढला आणि दहा मिनिटांत दोन्ही टोकांना अडथळे लागले. चारची बस अलीकडच्या टोकाला थांबली. चालकाने खिडकीतून डोकं काढून कुरकुर केली, “आता यांना काय पाठुंगळी घेऊन नेऊ का?” शेवटी मुलांना उतरवून, पलीकडच्या कडेने, लोखंडी तुळईवरच्या पायवाटेने एका रांगेत चालवत नेलं. मुलांना मजा वाटत होती. वैद्यीणबाई अडथळ्यापाशी उभी राहून एकेक मूल मोजत होती. शेवटचं पलीकडे पोचेपर्यंत ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डरला बोलावून पट्टी काढली. माझी कातडी करवतीने कापली, आणि आतून पाण्याची धार लागली. मॅडमनी आत हात घालून फोमचा गोळा काढला. तो ओल्या मातीसारखा बोटांत विरघळला. सिमेंटचं बूच सुटं होऊन खाली गडगडलं. वेल्डरने ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

“घट्ट भरलं होतं हो मी,” तो म्हणाला. “काही कमी ठेवली नव्हती.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, हिला भोक पाडायचं नसतं म्हणून?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“मग चूक एकट्या तुमची नाही.”

मला पुलावरून उतरवलं. माझ्या जागी नवी फळी बसली. मला कारखान्याच्या मागच्या अंगणात आणून दोन ओंडक्यांवर आडवं ठेवलं आहे. वैद्यीणबाईच्या हातातली हातोडी मालकांनी काढून घेतली. रागावले नाहीत, हात पुढे केला, तिने हातोडी त्यावर ठेवली, एवढंच. मास्तरला रेझिनच्या कामावर ठेवलं, पण पुलांवर जायची त्याला बंदी झाली. उरलेले दहा पूल पुन्हा ठोकायला प्रयोगशाळेतली माणसं यंत्रं घेऊन निघाली, आणि वैद्यीणबाई त्यांच्याबरोबर गेली. कोणी बोलावलं नव्हतं. टेम्पोत मागे बसून गेली. प्रत्येक पुलावर तळहात टेकवून ती जागा दाखवायची आणि मग ती माणसं यंत्र लावायची.

नऊ पूल निर्दोष निघाले. दहाव्यावर एक जागा सापडली. तळहाताएवढी. दुरुस्त होण्यासारखी होती, झालीही. पण घरी आल्यावर ती दोन दिवस जेवली नाही, असं मास्तर अंगणात उभा राहून मालकांना सांगत होता.

काल दुपारी ते दोघं माझ्यापाशी आले. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. अकरा पूल, तीन वर्षं, तेहतीस कागद. टेबल मोकळं नव्हतं, म्हणून तिने ते माझ्याच पाठीवर पसरले.

“हे कशाला आता?” मास्तर म्हणाला. “सगळे पूल तपासून झाले. सरकारदरबारी नवे कागद गेले.”

“जुन्यांवर माझं नाव आहे.”

“तुझं कशाला, माझी चूक होती ती. मी खूण केली. मला वाटलं तुला वाचवतोय.”

“माहीत आहे हो,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली, त्याचा चेहरा दिसावा म्हणून. “आणि मला वाचायचं होतं. तुम्ही एकट्याने काही केलं नाहीत. कागद धरा, वाऱ्याने उडतायत.”

त्याने दोन्ही हातांनी कागद दाबून धरले. तिने पेन काढलं. प्रत्येक कागदावर, जुन्या सहीच्या खाली, ती एकच ओळ लिहीत गेली. ‘हे मी ऐकलेलं नाही.’ आणि खाली सही. तेहतीस वेळा. पेनाचा दाब कागदातून माझ्या पाठीला लागत होता.

उद्या सकाळी प्रयोगशाळेची गाडी येणार आहे. माझ्या पट्ट्या कापून एकेक पट्टी दाबून बघणार आहेत; पाणी कुठवर गेलं होतं आणि माझ्यात किती बळ उरलं होतं, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. मलाही जाणून घ्यायचं आहे. खरं सांगायचं तर भीती वाटते. आकडा फार लहान निघाला तर ती बस आणि ती चाळीस मुलं माझ्या डोळ्यांपुढे येतील, आणि तिच्याही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी पूल बांधेल, कोणी दुरुस्त करेल, बाकीचे नुसते त्यावरून जातील. जे दुरुस्त करतील त्यांना माझं एवढंच मागणं आहे, की हातात ड्रिल घेण्याआधी समोरची वस्तू कशाची बनली आहे ते विचारा. माया पुरत नाही. आणि तुम्हा सगळ्यांनाच आणखी एक सांगते. तुमच्या आजूबाजूला कोणाचे तरी डोळे, कान, हात कमी पडू लागतील. कधी तुमचेही. त्या माणसाला ‘आता मला जमत नाही’ हे म्हणायची लाज वाटू देऊ नका. वैद्यीणबाईला ते वाक्य म्हणायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत शाळेचा जो जो दिवस उजाडला, त्या दिवशी सात वाजून वीस मिनिटांनी मी श्वास रोखून धरला होता.